वेगळ्या ग्लासातला चहा

थ्रिटी उमरीगर यांची 'द स्पेस बिटवीन अस' ही इंग्रजी कादंबरी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिका मुंबईत जन्मलेली पारशी. एकविसाव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, तिथे काही वर्षे पत्रकारिता केली आणि पुढे क्लीव्हलँडच्या विद्यापीठात शिकवू लागली. कादंबरी मात्र सगळी मुंबईची आहे. भीमा ही साठी ओलांडलेली मोलकरीण आणि सेरा दुबाश ही तिची पारशी मालकीण, या दोघींची ही कथा. इंग्रजीत लिहिलेल्या, पारशी घरातल्या या कादंबरीवर मुस्लिम मराठी लेखकांच्या वार्षिकात, आणि तेही यवतमाळ जिल्ह्यात बसून, कशासाठी लिहायचे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही पडला होता. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांचे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश शेजारी ठेवून एका उन्हाळी सुट्टीत ही कादंबरी वाचून संपवली, तेव्हा तो प्रश्न उरला नव्हता.

कथानक थोडक्यात सांगतो. भीमा झोपडपट्टीत आपली नात माया हिच्यासोबत राहते. मुलगी आणि जावई दिल्लीत एड्सने गेले. नवरा गोपाळ कारखान्यातल्या अपघातात हाताची बोटे गमावून बसला, मग दारूला लागला आणि एक दिवस मुलाला घेऊन निघून गेला. त्या अपघातानंतर कंपनीचा माणूस एक कागद घेऊन भीमाकडे आला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या भीमाने त्यावर अंगठा उठवला आणि त्या अंगठ्यासरशी नुकसानभरपाईचा हक्क गेला. सेराचे घर सुशिक्षित आणि सुखवस्तू. पण नवरा फिरोज तिला मारायचा, सासू बानूने तिचा छळ केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवलेली ही गोष्ट भीमाला ठाऊक आहे. आता फिरोज हयात नाही. मुलगी दिनाज आणि जावई विराफ सेरासोबत राहतात. मायाच्या कॉलेजचा खर्च सेरा करते. कादंबरी सुरू होते तेव्हा माया गरोदर आहे, तिचे शिक्षण थांबले आहे आणि मुलाचा बाप कोण हे ती सांगत नाही.

या सगळ्याच्या मधोमध एक स्टीलचा ग्लास आहे. सेरा आणि भीमा रोज एकत्र चहा पितात. सेरा टेबलाशी खुर्चीवर बसून आपल्या मगमधून पिते. भीमा जमिनीवर उकिडवी बसून तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या ग्लासातून पिते. दोघी सुखदुःखाचे बोलतात. सेराला भीमाइतके जवळचे दुसरे कोणी नाही आणि भीमाला सेराइतके मोठे दुसरे कोणी नाही. पण या घरात इतकी वर्षे काम करूनही भीमा तिथल्या एकाही खुर्चीवर बसलेली नाही. वाढत्या वयातली दिनाज आईला याबद्दल विचारते, तेव्हा सेराजवळ उत्तर नसते. भीमाची तंबाखूची सवय, झोपडपट्टीतली अस्वच्छता, अशी कारणे ती मनाशी शोधते. ती कारणे खोटी आहेत हेही तिला कळते आणि तरी अंगावर येणारा शहारा काही जात नाही.

लेखिकेचे खरे सामर्थ्य आम्हांला इथे दिसते. सेरा वाईट नाही. भीमाला टायफॉइड होतो तेव्हा सेरा झोपडपट्टीत जाऊन तिला घरी आणते, चांगल्या डॉक्टरचे उपचार करवते. अंथरूण मात्र बाल्कनीत घालते. फिरोजच्या मारहाणीनंतर भीमा तिच्या अंगावरच्या वळांवर औषध चोळते. त्या हाताच्या स्पर्शाने सेरा आधी आक्रसते आणि मग त्याच स्पर्शाने तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपली काळजी घेतल्यासारखे वाटते. दोन पानांत शिसारी आणि माया एकाच देहात राहतात. शोषण करणारा क्रूर असतो आणि शोषित दीनवाणा असतो, अशी सरळ विभागणी करणाऱ्या कथा-कादंबऱ्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. इथे विषमता प्रेमाच्या आत घर करून बसली आहे, म्हणून ती जास्त खरी वाटते.

एक गोष्ट मात्र इंग्रजीला जमलेली नाही आणि त्यात लेखिकेचा दोष नाही. इंग्रजीत 'यू' एकच. भीमा सेराला 'सेराबाई' म्हणते, सेरा तिला 'भीमा' म्हणते, एवढ्यावरच इंग्रजी वाचकाला अंतर ओळखावे लागते. आपल्या भाषांत हे अंतर प्रत्येक वाक्याच्या क्रियापदात असते. वयाने मोठ्या भीमाला सेरा 'तू' म्हणणार, भीमा तिला 'तुम्ही' म्हणणार. विराफ तर तिच्या मुलाच्या वयाचा, तोही तिला 'तू'च म्हणणार. आम्ही वाचताना मनातल्या मनात मराठी करत होतो, मग उर्दू करून पाहिली. उर्दूत 'आप', 'तुम' आणि 'तू' अशा तीन पायऱ्या आहेत. आमच्या घरातली मुले कामाच्या बाईला कोणत्या पायरीवरून हाक मारतात याकडे तेव्हा आमचे लक्ष गेले. ती तिला 'खाला' म्हणतात, हे ऐकायला गोड वाटते. पण 'खाला' म्हटल्यानंतर पुढचे क्रियापद 'दे' असते, 'दो' नसते. सख्ख्या खालाशी बोलताना तीच मुले 'दीजिए'पर्यंत जातात.

आता चोरीकडे येऊ. कादंबरीच्या शेवटी मायाच्या मुलाचा बाप विराफ आहे हे भीमाला कळते. आजारी बानूच्या घरी माया कामाला जात असताना हे घडलेले आहे. भीमाला कळले आहे हे लक्षात येताच विराफ तिच्यावर सातशे रुपये चोरल्याचा आळ घेतो. संतापलेली भीमा सेरासमोर खरे ते बोलून टाकते. आणि सेरा, जिचे वळ भीमाने चोळले ती सेरा, तिला घराबाहेर काढते. जावयाचे नाव, मुलीचा संसार, मुलीच्या पोटातले मूल हे सगळे एका पारड्यात आणि भीमाचा शब्द दुसऱ्या पारड्यात, असे ते तोलणे आहे.

ही चोरी आम्हां उर्दूवाल्यांना अनोळखी नाही. डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही १८६९ सालची कादंबरी. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती शिकलो आणि आता शिकवतो. अकबरी फूहड, असगरी सुगरण. असगरी सासरी येते तेव्हा त्या घरात मामा अजमत नावाची जुनी मोलकरीण असते. ती घर लुटत असते. असगरी शांतपणे, हुशारीने दुकानदारांचे हिशेब बाहेर काढते, सासऱ्यांसमोर अजमतची लबाडी उघडी पाडते आणि तिची हकालपट्टी होते. वर्गात हा भाग शिकवताना मुली खूश होतात. आम्हीही वर्षानुवर्षे असगरीच्या बाजूनेच शिकवले. नजीर अहमद यांना मुलींनी शिकावे, हिशेब ठेवावा हे सांगायचे होते आणि त्यांच्या काळात ते मोठेच काम होते. त्यांना कमी लेखायचा आमचा विचार नाही. पण आपल्या पहिल्याच कादंबरीत लक्षात राहणारी मोलकरीण आली ती चोर म्हणून आली. लेखणी असगरीच्या हातात होती, हिशेबाची वही असगरीच्या हातात होती. अजमतच्या बाजूची वही कोणी मागितली नाही. भीमाची हकालपट्टी वाचताना आम्हांला प्रथमच वाटून गेले की त्या जुन्या घरात दुसराही एखादा हिशेब असू शकेल.

या कादंबरीनंतर तीन वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेत कॅथरीन स्टॉकेट यांची 'द हेल्प' ही कादंबरी आली आणि जगभर गाजली. २०११ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. मिसिसिपी राज्यातले जॅक्सन शहर, १९६० नंतरची वर्षे, गोऱ्यांच्या घरात काम करणाऱ्या काळ्या बायका. तिथे ग्लासाच्या जागी संडास आहे. मोलकरणींसाठी घराबाहेर वेगळा संडास बांधावा यासाठी हिली नावाची प्रतिष्ठित गोरी बाई मोहीम चालवते. गोऱ्यांची मुले या काळ्या बायकांच्या मांडीवर वाढतात, त्यांनी रांधलेले खातात, पण त्यांच्या संडासाने रोग होतो! आणि शेवटी काय होते? एबिलीन या मोलकरणीवर चांदीचे चमचे चोरल्याचा आळ येतो, तिला काढून टाकतात. समुद्रापल्याडच्या दोन वेगळ्या समाजांत बेतलेल्या या दोन्ही कादंबऱ्या एकाच दारातून आपल्या नायिकांना बाहेर काढतात. घरात वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईला एका क्षणात परके करायचे असेल तर 'चोर' या शब्दाइतका सोपा शब्द नाही, हे दोन्ही लेखिकांनी नेमके ओळखले आहे.

'द हेल्प'वर अमेरिकेत टीकाही झाली. काळ्या स्त्री इतिहासकारांच्या संघटनेने २०११ मध्ये पत्रक काढून या मोलकरणींची भाषा, त्यांच्या आयुष्यातला छळ आणि त्यांची लढाई यांचे चित्रण खोटे आणि सोपे केले आहे असे म्हटले. लेखिकेच्या भावाकडे काम करणाऱ्या एका बाईने आपले नाव आणि रूप वापरल्याचा दावाही त्याच वर्षी लावला होता. तो मुदतीबाहेर म्हणून निकालात निघाला. गोऱ्या लेखिकेने काळ्या मोलकरणीच्या तोंडून बोलावे का, हा त्या सगळ्या वादाचा गाभा. त्याच देशात १९५६ साली अॅलिस चाइल्ड्रेस या काळ्या लेखिकेचे 'लाइक वन ऑफ द फॅमिली' हे पुस्तक आले होते. त्यात मिल्ड्रेड नावाची मोलकरीण आपल्या मैत्रिणीशी बोलते. तू आमच्या घरच्यासारखीच आहेस, असे म्हणणाऱ्या मालकिणीला ती असे काही सुनावते की वाचणाऱ्याला हसू येते आणि हसता हसता ठसका लागतो. ते पुस्तक आज किती जणांना ठाऊक आहे? मालकिणीच्या घरातून लिहिलेली पुस्तके खपतात, स्वयंपाकघरातून लिहिलेली मागे पडतात.

तोच प्रश्न उमरीगर यांनाही विचारायला हवा. कादंबरीची अर्पणपत्रिका खऱ्या भीमाला आणि तिच्यासारख्या लाखोंना आहे. लेखिकेच्या मुंबईतल्या घरी काम करणाऱ्या बाईवरून ही भीमा सुचली. म्हणजे हे दिनाजच्या जागेवरून लिहिलेले पुस्तक आहे. म्हणून सेराच्या मनातले सगळे कोपरे त्यात उजळले आहेत, आणि भीमाच्या मनातले काही अंधारातच राहिले. सगळ्यात मोठा अंधार जातीचा. कादंबरी आपला प्रश्न वर्गाचा म्हणून मांडते. गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी. जातीचे दार ती जवळजवळ उघडतच नाही. मराठी वाचक 'भीमा' हे नाव वाचताच तिचे गाव विचारील, आडनाव विचारील, तिच्या झोपडीत भिंतीवर कोणाची तसबीर आहे ते पाहील. वेगळा ग्लास या देशात गरिबीतून जन्मला नाही. गरीब ब्राह्मण स्वयंपाकिणीसाठी वेगळा ग्लास ठेवत नसत, उलट तिच्या सोवळ्यात घरची माणसे शिरत नसत. अमेरिकेत बसून तिथल्या वाचकासाठी लिहिताना हे सांगणे लांबण लावणारे वाटले असेल. पण त्यामुळे कादंबरीचे एक मूळच तुटले आहे.

दुसरा आक्षेप विराफचा. इतक्या बारकाईने उभ्या केलेल्या नात्याला मोडायला लेखिकेला एक बदमाश लागला. विराफ आल्यावर वाचकाला हायसे वाटते. आपण काही विराफ नाही! सेराच्या चहाच्या टेबलाशी अस्वस्थ झालेला वाचक विराफचा राग करत करत सुखरूप बाहेर पडतो. आमच्या मते ही कादंबरी पहिल्या दोन-तृतीयांशात फार मोठी आहे आणि शेवटच्या भागात बरी आहे. विराफ घडलाच नसता, माया शिकून नोकरीला लागली असती, भीमा म्हातारी होऊन काम सोडून गेली असती, तरी तो ग्लास शेवटपर्यंत तसाच राहिला असता. ती कादंबरी लिहिणे जास्त अवघड होते.

आपला माणूसही या कादंबरीत आहे. समुद्रकाठी फुगे विकणारा एक म्हातारा पठाण. भीमा आणि गोपाळ मुलांना घेऊन चौपाटीवर जात तेव्हा तो फुगे वळून देई. एवढे घरदार सोडून एकटा जगणारा हा माणूस कोणत्या बळावर जगतो, हे त्याला विचारायचे राहून गेले याची रुखरुख भीमाला शेवटपर्यंत लागते. काम गेल्यावर ती समुद्रावर जाते, फुगे विकत घेते आणि सोडून देते, तेव्हा तिच्या मनात तोच असतो. प्रसंग हृद्य आहे. पण रवींद्रनाथांच्या १८९२ सालच्या 'काबुलीवाला'पासून भारतीय साहित्यातला पठाण असाच येतो. दूरचा, उदात्त, एकटा आणि दुसऱ्याच्या दुःखाला आधार देऊन नाहीसा होणारा. मुंबईतल्या कामवाल्या बायकांत मुसलमान बायका किती आहेत हे लेखिकेला माहीत नसेल असे नाही. त्या मात्र समुद्रकाठीसुद्धा दिसत नाहीत.

त्या दिसायच्या असतील तर आमच्याकडे यावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, पुसद घ्या, दिग्रस घ्या, दारव्हा घ्या, सकाळी मोहल्ल्यातून बायका निघतात आणि नोकरदारांच्या प्लॉटवर, कॉलनीत धुणीभांडी करायला जातात. त्यांत बौद्ध आहेत, भटक्या जमातींच्या आहेत, आदिवासी आहेत आणि आपल्याही आहेत. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला की यांतल्या कित्येकजणी घरकाम टाकून शेतात जातात, कारण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. त्या दिवसांत मालकिणी एकमेकींना 'बाया माजल्या' असे सांगत असतात. खाडा झाला की पैसे कापतात ते वेगळेच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आमच्या ओळखीच्या बायांना त्याचे नावही ठाऊक नाही.

आणि मालकिणी फक्त इतरच समाजांच्या असतात असेही नाही. आपल्यातही शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, व्यापारी आहेत, शेतीवाले आहेत. गुढीपाडव्याला सालदाराचे साल ठरते तसे ते आपल्या शेतीवाल्या घरांतही ठरते. त्याच्या जेवणाची ताटली गोठ्याजवळ असते. खोटे कशाला बोलावे, ही कादंबरी वाचत असताना आमच्या स्वयंपाकघरातल्या ताकात एक कान तुटलेला कप होता. भांडी घासणाऱ्या बाईचा. तो वेगळा ठेवा असे आम्ही कोणालाच कधी सांगितले नव्हते. तो आपोआप वेगळा झाला होता आणि ती स्वतःच तो काढून घेत होती. ती मुसलमानच आहे. फक्त आमच्या बिरादरीची नाही.

इथे कोणी म्हणेल, इस्लाममध्ये हे नाही. बरोबर आहे, नाही. अबू जर गिफारी (रजि.) यांची रिवायत 'बुखारी'त आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते. ती अरब नव्हती. काही रिवायतींत तो माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.) आणि टोमणा काळ्या आईचा, असे येते. हुजूर (स.) यांनी अबू जर यांना तुमच्यात अजून जाहिलियत आहे असे सुनावले. आणि त्याच बोलण्यात पुढे सांगितले की तुमच्या हाताखाली राबणारे तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना खाऊ घाला, ल्यायचे ते त्यांना लेववा, झेपणार नाही असे काम सांगू नका, सांगितले तर स्वतः हात लावा. वंशाचा आणि नोकराचा प्रश्न एकाच श्वासात आला आहे, याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. पुढे लोकांनी पाहिले तेव्हा अबू जर यांच्या अंगावर जशी चादर होती तशीच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होती. हा प्रसंग आम्ही वर्गात कैक वेळा सांगितला आहे. सांगून घरी आल्यावर चहा मांडला की तो कप तिथेच.

आपल्याकडे जात नाही असे आपण म्हणतो आणि लग्नाच्या वेळी 'हड्डी' पाहतो. २००६ सालीच, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, सच्चर समितीचा अहवाल आला. आपल्या सभासंमेलनांतून तो आपण पुष्कळ मिरवला आणि ते योग्यच होते, कारण सरकारपुढे ठेवायला आकडे हवे होते. पण त्याच अहवालाच्या दहाव्या प्रकरणात अशराफ, अजलाफ आणि अरजाल यांच्याविषयी लिहिले आहे. ते प्रकरण आपण भाषणांत क्वचितच काढतो. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हापासून आपल्या लेखकांनी दंगल लिहिली, तलाक लिहिला, संशयाच्या नजरा लिहिल्या, बेकारी लिहिली. आपल्या घरातली मोलकरीण आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. आली तर दयेला पात्र म्हणून येते, ग्लासासकट येत नाही.

यामागचे कारण आम्हांला कळते. बाहेरून दगड येत असताना घरातली भांडणे अंगणात कोणी आणू नयेत, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. आमच्या एका सहकाऱ्याने हा लेख लिहायला घेतला तेव्हाच विचारले, "दुश्मनाच्या हातात कशाला देता?" त्यांचा मुद्दा हलका नाही. पण पारशी समाज आपल्याहून किती लहान! मूठभर माणसांचा, दिवसेंदिवस घटणारा. त्या समाजाच्या मुलीने आपल्या आया-मावश्यांचे जेवणाचे टेबल असे उघडे मांडले आणि तरी सेराला माणूसच ठेवले, तिचे व्यंगचित्र केले नाही. समाजाची बदनामी आणि समाजाचे सत्य यांतला फरक तिने भाषणात सांगितला नाही, सेराच्या व्यक्तिरेखेत दाखवला. आमच्या सहकाऱ्याला आम्ही एवढेच म्हणालो की पुस्तक घेऊन जा. त्यांनी नेले आहे, अजून परत आलेले नाही.

याच विषयावरचे आणखी एक पुस्तक इथे सांगायला हवे. बेबी हालदार या बंगाली मोलकरणीचे 'आलो आंधारि'. दिल्लीजवळ गुडगावला ती प्रबोध कुमार यांच्याकडे काम करत होती. ते मुन्शी प्रेमचंद यांचे नातू, मुलीकडून. पुस्तकांवरची धूळ पुसताना ती पुस्तके उघडून बघते हे त्यांनी पाहिले, तिला आधी तस्लिमा नसरीन यांचे आत्मकथन वाचायला दिले, मग वही-पेन दिले. तिने बंगालीत लिहिले, त्यांनी हिंदी केले. ते २००२ साली छापले गेले आणि इंग्रजीत आले ते पुन्हा २००६ सालीच. त्याचा काही भाग अकरावीच्या हिंदी पुस्तकातही घेतला गेला. साहित्यगुणांत ते उमरीगर यांच्या कादंबरीच्या जवळ जाणार नाही. वाक्ये साधी, पाल्हाळ पुष्कळ. पण त्यात काम दिसते. किती वाजता उठायचे, मुलांना कुठे ठेवायचे, भाड्याची खोली कशी शोधायची, एकट्या बाईला मालक आणि शेजारी काय काय विचारतात. भीमाच्या आठवणी आपल्याला पाठ होतात, तिचा दिवस मात्र धूसर राहतो. बेबीचा दिवस तासातासाने कळतो. तरीही वही मालकाच्याच टेबलावरून आली, हेही विसरता येत नाही. वही दिली नसती तर?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाला बोलावलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. त्यावर झालेला गदारोळ सर्वांना आठवत असेल. शेवटी उद्घाटन केले ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या विधवेने. झाले ते चुकीचेच होते यात आम्हांला शंका नाही. पण त्या मांडवात ती बाई उभी राहून स्वतःच्या तोंडाने स्वतःचे बोलली, आणि एरवी तिच्याविषयी इतर बोलत असतात, हे आम्ही विसरलेलो नाही.

उमरीगर यांनी २०१८ मध्ये या कादंबरीचा पुढचा भाग लिहिला, 'द सीक्रेट्स बिटवीन अस'. त्यात भीमा पार्वती नावाच्या एका म्हाताऱ्या भाजीवालीबरोबर फळे-भाजी विकू लागते. पहिल्या भागाची धार त्यात नाही, पण एक फरक जाणवतो. आता भीमासमोर मालकीण नसते, दुसरी गरीब बाई असते. दोघी भांडतात, एकमेकींना टोचून बोलतात, हिशेबावरून अडतात. दोघींतही अंतर आहे, पण ते बोलून कमी होऊ शकते.

आमच्या शाळेत दरवर्षी जूनमध्ये दाखल्याचे अर्ज भरून घेतो. बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात हमाल, मिस्त्री, ड्रायव्हर असे येते. आईच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'खानादारी'. उर्दूत गृहिणीसाठी हाच शब्द लिहायची पद्धत आहे. पाच-सहा घरची भांडी घासून अर्ज भरायला आलेल्या बाईलाही आम्ही तेच लिहीत आलो. यंदा एका आईला विचारले, काय लिहू? ती पदर सारखा करत म्हणाली, "सर्वांचं लिहिता तेच लिहा ना. पोरीला वर्गात कळलं तर?" आम्ही 'खानादारी' लिहिले आणि शेजारी तिने अंगठा उठवला.